आमची वाटचाल : जुन्या बाजारातले रीडर आणि पगाराच्या फायली

आमचं काम पगाराचं. पुण्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे पगार, पीएफ, ईएसआय आम्ही बघतो, म्हणजे महिनाअखेरीला लोकांचे बँक खाते नंबर, आधार, पगार सगळं एका एक्सेलमधे बसून आमच्याकडे येतं. क्लायंट झिपला पासवर्ड लावायचे आणि पासवर्ड त्याच मेलमधे लिहायचे, काय बोलणार! एका क्लायंटच्या ऑडिटरने शेवटी विचारलंच की ही फाइल तुमच्याकडे नक्की कोण कोण उघडू शकतं.

तिथून आम्ही जीपीजीकडे वळलो, म्हणजे फाइल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर, ज्याच्याकडे की असेल त्यालाच ती उघडते. फुकट आहे, जर्मनीच्या वर्नर कॉखने सुरू केलेलं, १.० आवृत्ती १९९९ लाच आली, आणि कोणाला वर्षाचं लायसन भरायला लागत नाही. पण फाइल उघडणारी सीक्रेट की लॅपटॉपवर ठेवली तर लॅपटॉप गेला की डोक्याला ताप, म्हणून ओपनपीजीपी कार्ड घेतली, एटीएम कार्डासारखी चिपवाली. की कार्डात राहते, बाहेर येत नाही, पिन तीनदा चुकला की लॉक.

कार्ड नवीनच घ्यावी. कार्ड कॉम्प्युटरला जोडणारा रीडर मात्र जुना चालतो, कारण तो बिचारा फक्त निरोप्या, त्याच्याकडे गुपित काहीच नसतं. २००८ ला राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हा हॉस्पिटलांच्या काउंटरवर असे यूएसबी रीडर लागायचे, ती योजना गेली, असला माल भंगारात निघतो. आम्ही जुन्या बाजारातून, तपकीर गल्लीतून जमेल तसे उचलले. पिनपॅडवाले मात्र भंगारातले घेत नाही, तिथे पिन रीडरवरच दाबायचा असतो.

विकत घेण्याआधी एकच बघायचं, सीसीआयडी आहे का, म्हणजे यूएसबी रीडरांचा जो ठरलेला स्टँडर्ड आहे त्यातला आहे का. लुडोविक रूसोने लिनक्सच्या ड्रायव्हरसोबत रीडरांची मोठी यादी ठेवलीय, आमचा पोरगा दुकानात उभा राहून मोबाईलवर ती बघतो आणि मगच भाव करतो. सीरियल पोर्टवाले तर नकोच.

तरी एक गंमत उरतेच. काही रीडरवर डिजिटल सही व्यवस्थित होते पण फाइल उघडत नाही. कारण असं की सहीला कार्डाकडे छोटासा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, जातो, पण २०४८ बिटची आरएसए प्रकारची की असेल तर उघडताना २५६ बाइट आणि वर एक असे २५७ पाठवायला लागतात, आणि कार्डाला जाणाऱ्या साध्या कमांडमधे २५५ बाइटच्या वर जागाच नाही. जे जुने रीडर छोट्या कमांडच्या पुढे जात नाहीत ते इथे अडकतात, उलट त्याहून साधे, नुसतं पोस्टमनचं काम करणारे, बिनबोभाट चालतात कारण लांब कमांडचे तुकडे करायचं काम कॉम्प्युटरच करतो. म्हणून आम्ही दुकानात सही नाही, फाइल उघडून बघतो. आणि फाइल केवढीही मोठी असो, कार्डाकडे फक्त तिची छोटी चावी जाते, त्यामुळे स्पीडची तक्रार कोणी करत नाही.

उबंटू लिनक्सवर दुसरा एक लोचा व्हायचा, पीसीएससीडी (सिस्टिमची रीडर सांभाळणारी सर्व्हिस) आणि जीपीजीचा स्वतःचा ड्रायव्हर दोघंही एकाच रीडरला धरून बसायचे. एससीडीमन, म्हणजे जीपीजीचा कार्ड सांभाळणारा भाग, त्याच्या कॉन्फिग फाइलमधे डिसेबल-सीसीआयडी टाकलं की भांडण मिटतं.

एनक्रिप्शनची, म्हणजे फाइल उघडायची, की आम्ही कार्डाबाहेर बनवून मग कार्डात टाकतो आणि एक कॉपी बँकेच्या लॉकरमधे, कारण कार्ड तुटलं तर जुन्या वर्षांचे पगार कोण उघडणार. सहीच्या कीची कॉपी ठेवत नाही, ती गेली तर नवी करायची.

आता क्लायंटच आम्हाला हा सेटअप लावून द्या म्हणतात, तर ते पण काम सुरू झालंय. कार्ड आणि सेटअपचे पैसे घेतो, रीडर ज्याचा त्याने आणावा, आमच्याकडे शिल्लक असला तर तसाच देऊन टाकतो.