शून्यावर न बसणारं शिखर

हेलियम-८ च्या अणुकेंद्रकात प्रोटॉन दोनच, न्यूट्रॉन मात्र सहा. अर्धायुष्य ११९ मिलिसेकंद. त्याचं टार्गेट करून त्यावर प्रोटॉन मारावेत, तर टार्गेट मांडेपर्यंत ते संपलेलं असतं. म्हणून कॅनडातल्या व्हँकूवरच्या ट्रायम्फ या अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत आम्ही प्रयोग उलटा मांडला. बीम, म्हणजे वेगवान कणांचा झोत, हेलियम-८ चा आणि टार्गेट गोठलेल्या हायड्रोजनचं, कारण हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे प्रोटॉनच. कमी ऊर्जेला प्रोटॉनची न्यूट्रॉनशी होणारी आंतरक्रिया दुसऱ्या प्रोटॉनशी होणाऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट जोरकस असते. बाहेरचे न्यूट्रॉन कसे वागतात हे विचारायला प्रोटॉनइतका चांगला साक्षीदार नाही.

या हायड्रोजनचा थर धरणं हे माझं आवडतं काम. हायड्रोजन १४ केल्विनच्या, म्हणजे सुमारे उणे २५९ अंश सेल्सिअसच्या, खाली गोठतो. त्याहून कितीतरी थंड केलेल्या चांदीच्या पातळ पत्र्यावर वायू हळूहळू सोडायचा आणि शंभरेक मायक्रॉनचा थर जमू द्यायचा. रात्रपाळी बाराला सुरू व्हायची. तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असत आणि आई फोनवर विचारायची, "जेवलीस का गं?"

खरी परीक्षा विश्लेषणात झाली. उडालेल्या प्रोटॉनचा कोन आणि ऊर्जा मोजली की हेलियम-८ किती उत्तेजित झालं, म्हणजे टक्करीत त्याने आत किती ऊर्जा घेतली, ते काढता येतं. नुसती टक्कर झाली असेल तर उत्तर शून्य यायला हवं. म्हणजे आलेखात अशा टक्करींचं शिखर शून्यावर दिसायला हवं. माझं शिखर शून्यापासून सरकलेलं होतं, शिवाय फुगून रुंदही झालेलं. मी कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची मोजणी ज्ञात मूल्यांशी जुळवणं, तीनदा केलं, कण टिपणाऱ्या डिटेक्टरचे कोन पुन्हा तपासले. काहीच हललं नाही.

चूक माझ्या गृहीतात होती. हायड्रोजनमधून बाहेर पडताना प्रोटॉन ऊर्जा गमावतो, आणि मी सगळ्या रनसाठी, म्हणजे मोजणीच्या सगळ्या फेऱ्यांसाठी, थराची जाडी एकच धरली होती. थर मात्र मध्ये पुन्हा धरावा लागला होता. जाडी मोजायची सोय तर डेटातच होती. चांदीवरून विखुरलेलं हेलियम-८ हायड्रोजन असताना किती ऊर्जेचं मिळतं आणि नसताना किती, या फरकातून जाडी निघते. प्रत्येक रनची जाडी वेगळी काढली, तेव्हा शिखर शून्यावर बसलं. त्या रात्री मी घरी चालत गेले, बस घ्यावीशी वाटली नाही.

मग उत्तेजित अवस्था. दोन न्यूट्रॉन सुटायला २.१ एमईव्ही (अणुकेंद्रकाच्या ऊर्जेचं एकक) पुरतात, त्यामुळे त्याहून वर उचललेलं हेलियम-८ लगेच फुटून हेलियम-६ उरतं. म्हणून पुढच्या डिटेक्टरमध्ये हेलियम-६ सापडलेलेच प्रोटॉन निवडले. हायड्रोजनशिवाय घेतलेले रन वजा करून चांदीचा वाटाही काढून टाकला. हे रन घेताना मला बीमचे तास वाया जातात असं वाटायचं. आता मी ते कुणाला कापू देणार नाही.

साडेतीन एमईव्हीच्या आसपास एक रुंद उंचवटा उरला. मी आलेख छापून टेबलासमोर चिकटवला आणि कोनानुसार त्याचे तुकडे करायला बसले.