चौघांच्या एका विमानापासून तीन विमानांपर्यंत: आमची वाटचाल

लायसन्स मिळेपर्यंत सगळं ठरलेलं असतं, शिकवणारे असतात, विमान वेळेवर समोर उभं असतं, आणि लायसन्स हातात आलं की पायलट एकदम एकटा पडतो. त्या पहिल्या वर्षी माझं सगळं मिळून ११ तास फ्लाइंग झालं. हौस भरपूर होती, पण परवडेल असं विमान भाड्याने मिळत नव्हतं. जिथे शिकलो तिथली विमानं शनिवार-रविवार विद्यार्थ्यांनीच भरलेली असायची, आणि दोन दिवस बाहेर न्यायचं म्हटलं तर रोजचे किमान ३ तास धरून बिल, मग तुम्ही उडवा नाहीतर तिथे नुसतं बांधून ठेवा.

माझ्यासारखेच अडकलेले अजून तिघं भेटले आणि चौघांनी मिळून एक जुनं सेसना १५२ घेतलं. दोन सीटचं विमान, ११० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, तासाला साधारण २३ लिटर पेट्रोल. १९८५ नंतर हे मॉडेल बनलंच नाही त्यामुळे बाजारात आहेत ती सगळी जुनीच, पण साधं आणि भरवशाचं विमान आहे, जवळपास सगळ्या मेकॅनिकना ओळखीचं.

चौघं मिळून वर्षाला फार तर १०० तास उडवायचो आणि बाकीचे दिवस ते हँगरमध्ये उभं. आमच्या धंद्याचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हँगरचं भाडं, इन्शुरन्स, वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो न उडो येतातच. हा सगळा खर्च ५० तासांवर वाटला तर तासाला जेवढा पडतो त्याच्या सहाव्या हिश्श्यावर ३०० तासांना येतो, म्हणजे विमान स्वस्त करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ते जास्त उडवणं. शिवाय उभं राहून इंजिन खराब होतं ते वेगळंच. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल खाली निथळतं आणि कोरड्या धातूला गंज धरतो. ऑइल पण ५० तास किंवा ४ महिने, जे आधी होईल तेव्हा बदलायचं असतं, त्यामुळे कमी उडणाऱ्याला तिथेही बचत नाही.

म्हणून आम्ही दुसऱ्या लायसन्सधारक पायलटना विमान भाड्याने द्यायचं ठरवलं आणि फर्म काढली. इन्शुरन्स नव्याने घ्यावा लागला कारण स्वतःपुरतं उडवायची पॉलिसी भाड्याला चालत नाही, आणि कागदपत्रांत बरेच महिने गेले.

पहिल्या वर्षी रेट ठरवताना आमची मोठी चूक झाली. पेट्रोल, हँगर, इन्शुरन्स, तपासणी एवढं धरलं आणि इंजिनसाठी बाजूला काहीच टाकलं नाही. १५२ च्या इंजिनला ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करायची, शिफारस २४०० तासांची आहे, १६० हॉर्सपॉवरच्या चार सीटच्या सेसना १७२ ला २००० तासांची, म्हणजे प्रत्येक तासाला ओव्हरहॉलचा तेवढा भाग खर्च होतच असतो, फक्त त्याचं बिल त्या दिवशी येत नाही. आमचं बिल एका तपासणीत दोन सिलिंडर कमजोर निघाले तेव्हा आलं, विमान सात आठवडे बंद आणि पैसे चौघांच्या खिशातून. त्यानंतर रेट वाढवला आणि भाड्याने उडवणारे तीन मेंबर लगेच सोडून गेले, मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं कारण ते तिघंही पहिल्या महिन्यापासूनचे.

पण त्यातूनच एक चांगली गोष्ट झाली. आम्ही रेटचा सगळा हिशोब एका कागदावर मांडून हँगरच्या दारावर लावला, तासाला पेट्रोल किती, ऑइल किती, इंजिनसाठी किती, ठरलेले खर्च किती आणि फर्मला सुटतात किती. लोकांनी तो उभं राहून वाचला, प्रश्न विचारले, दोन ठिकाणी आमचीच बेरीज दुरुस्त करून दिली. तो कागद आजही दर सहा महिन्यांनी बदलतो.

भाड्याने विमान शोधणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की नुसता रेट बघू नका, तो कसला रेट आहे ते विचारा. वेट म्हणजे पेट्रोल धरून, ड्राय म्हणजे पेट्रोल तुमचं. मग मीटर कुठला ते विचारा. हॉब्स मीटर साधारणपणे इंजिन सुरू झालं की घड्याळासारखा चालतो, टॅक मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, घड्याळाबरोबर आणि टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, बराच हळू. त्यामुळे रेट सारखाच असला तरी टॅकवर बिल कमी येतं, आणि जिथे रनवेपाशी ताटकळत थांबावं लागतं तिथे तर फरक चांगलाच जाणवतो. आम्ही वेट आणि टॅक ठेवलंय. बाहेरगावी नेण्यासाठी किमान तास फक्त शनिवार-रविवारी लावतो, मधल्या वारी विमान तसंही उभं असतं तर न्या की दोन दिवस.

आगाऊ तास घेतले तर सवलत देतो, पण एका वेळी फक्त १० तास आणि न वापरलेल्याचे पैसे परत. मोठ्या ब्लॉकवर मोठी सवलत बघून लोक भरपूर पैसे भरतात आणि ती फर्म बंद पडली तर पैसे अडकतात, हे आमच्या दोन मेंबरांनी दुसरीकडे भोगलंय.

इन्शुरन्सबद्दल एक प्रसंग मनातून जात नाही. आमच्या एका पायलटकडून टॅक्सी करताना प्रोपेलर जमिनीला लागला. कुणाला काही झालं नाही, पण प्रोपेलर चालू असताना आपटला की इंजिन उघडून आतून तपासावंच लागतं. त्याला वाटत होतं विमानाचा इन्शुरन्स आहे म्हणजे आपण सुटलो. मालकाची पॉलिसी मालकाला वाचवते, डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला जो पहिला हिस्सा इन्शुरन्स कंपनी देत नाही तो, भाडेकरूवर येऊ शकतो आणि कधी कधी इन्शुरन्स कंपनी बाकीची रक्कमही त्याच्याकडे मागू शकते. आम्ही त्याच्याशी हप्ते ठरवले, पण ही गोष्ट त्याला आधी नीट सांगितली नव्हती ही जबाबदारी आमचीच. तेव्हापासून करारात हा मुद्दा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे, आणि भाडेकरूची स्वतंत्र पॉलिसी घ्या असं आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

नंतर एका मालकाचं १७२ लीजबॅकवर आलं, विमान त्याचं, चालवायला आमच्याकडे, आणि मग दुसरं १५२. चार सीट बघून सगळे १७२ मागतात, पण ते तासाला ३२-३४ लिटर पितं आणि बहुतेक वेळा आत बसलेले असतात दोघंच. एकटे किंवा दोघं असाल तर १५२ घ्या आणि उरलेल्या पैशात अजून उडा. बरेच देश प्रायव्हेट लायसन्सवर खर्च वाटून घेऊ देतात, पण त्यात पायलटने स्वतःचा हिस्सा भरायचा असतो, कमाई करायची नसते. दोन पायलट मिळून गेले, जाताना एक आणि येताना दुसरा, तर हे सगळ्यात छान जमतं, आम्ही अशा जोड्या मुद्दाम लावून देतो.

कमी उडणाऱ्याला अजून एक खर्च असतो जो तो धरतच नाही. बहुतेक ठिकाणी प्रवासी घ्यायचे तर गेल्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग लागतात, त्यात खंड पडला की आधी ती एकट्याने पुरी करा, आणि हात बसलेला नसला तर पुन्हा इन्स्ट्रक्टर घ्या. म्हणून महिन्याला एक तास का होईना येत राहा असं आम्ही फोन करून सांगतो, अगदी प्रत्येकाला.

आता चौथं विमान रोटॅक्स ९१२ इंजिनचं घ्यायचा विचार चालू आहे. तासाला साधारण १५ ते १८ लिटर, आणि चांगलं अनलेडेड मोटर पेट्रोल चालतं म्हणजे महागड्या विमानाच्या पेट्रोलवर अवलंबून राहायला नको. पण वजनाची मर्यादा कमी, दोन धिप्पाड माणसं बसली की टाकी पूर्ण भरता येत नाही, आणि काही मेंबरांच्या लायसन्सवर ते चालेल का ते तपासतोय. इन्शुरन्सचं कोटेशन आलं की नवा हिशोब दारावर लावू.