कोहिमा-इंफाळची 1944 ची रणभूमी, आणि सांगशाक का चुकवू नये

कोहिमाला जाणारे बरेच जण टेनिस कोर्ट बघतात, फोटो काढतात आणि हॉर्नबिल फेस्टिवलला पळतात. पण दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्धच्या बर्मा कॅम्पेनमधली मराठा पलटणीची एक मोठी लढाई शेजारच्या मणिपूरमधे सांगशाकला झाली आणि तिकडे आपल्याकडचं फारसं कुणी जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी परमिट. नागालँड आणि मणिपूर दोन्हीकडे इनर लाईन परमिट लागतं, घरूनच ऑनलाईन काढा, दोन-तीन प्रिंट जवळ ठेवा. दिमापूरपर्यंत ट्रेन किंवा विमान, तिथून कोहिमा साधारण 75 किमी, शेअर सुमो मिळतात. पावसाळ्यात दरडी पडतात त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. रविवारी नागालँडमधे जवळपास सगळं बंद असतं आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायला लागतो, तर दिवस पहाटेच सुरू करायचा.

कोहिमा वॉर सिमेट्री गावाच्या मधोमध उतारावर आहे. एप्रिल 1944 मधे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला आपले, म्हणजे ब्रिटिश-भारतीय सैन्य, हातबाँब फेकता येईल एवढंच अंतर! कोर्टाच्या रेषा आता सिमेंटने आखून ठेवल्यात. खाली 1,420 कबरी आहेत, पण तिथूनच मागे फिरू नका, पार वरपर्यंत चढा, दहन झालेल्या 917 हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक तिथे आहे. कबर नाही, फक्त नाव. आम्ही सावकाश एकेक नाव वाचत गेलो, घशाशी आवंढा येतो.

इंफाळमधे दोन सिमेट्री आहेत, त्यातल्या इंडियन आर्मी वॉर सिमेट्रीत जमादार अब्दुल हाफिज यांची कबर आहे, 6 एप्रिल 1944 ला पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोइरांगचं आझाद हिंद फौजेचं स्मारक 45 किमीवर, तेही कराच, दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं लढत होती हे तिथे जास्त लागतं.

आता सांगशाक. इंफाळ-उख्रुल रस्त्याने लिटान ओलांडून पुढे तांगखुल नागांचं हे गाव, हल्ली पाटीवर शांगशाक. मार्च 1944 मधे 50 वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड आणि 4/5 मराठा लाईट इन्फंट्री इथे चर्चच्या टेकडीभोवती अडकली. खाली कातळ, त्यामुळे खंदक खोल खणता येईनात, काटेरी तार नाही, पाणी जवळपास नाहीच आणि विमानातून टाकलेलं बरंचसं सामान जपान्यांच्याच हाती पडलं. तरी 22 पासून 26 च्या रात्रीपर्यंत धरून ठेवलं आणि मग हुकूम आल्यावर अंधारात जंगलातून निघाले. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडे नकाशा सापडला त्यात इंफाळ आणि कोहिमाच्या हल्ल्याचा प्लॅन होता, तो इंफाळला पोचवला. जपानी जनरल मियाझाकींच्या 58 व्या रेजिमेंटचे इथे जे दिवस गेले त्याच दिवसांत अराकानहून (बर्माचा पश्चिम किनारा) 5 वी इंडियन डिव्हिजन कुमक म्हणून विमानाने इंफाळला उतरत होती. माझ्या मते कोहिमा वाचलं त्यात सांगशाकचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचं श्रेय या पोरांना पुरेसं मिळालेलं नाही.

मे 2023 पासून मणिपूरमधली परिस्थिती नाजूक आहे. रस्ता चालू आहे का ते आदल्या दिवशी हॉटेलात आणि पोलिसांकडे विचारा, बंद असेल तर हट्ट नको. गाडी उख्रुलकडच्या तांगखुल ड्रायव्हरचीच घ्या, आणि गावात पोचल्यावर आधी गावच्या प्रमुखांना भेटा मगच टेकडीवर जा, त्यांच्या आजी-आजोबांची घरं या लढाईत गेलीत.

घरात कुणी पणजोबा पलटणीत होते असं ऐकलं असेल तर निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर नाव आणि रेजिमेंट टाकून शोधा. स्पेलिंग इंग्रजांनी कसंही लिहिलंय, दोन-चार प्रकारे ट्राय करा. ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा सुमारे 27,000 जणांची नावं यांगूनजवळच्या टॉक्यानला रंगून मेमोरियलवर आहेत, त्यामुळे इंफाळ-कोहिमात नाव नाही सापडलं तर तिथलीही यादी बघा.