जाकारच्या गावात घर मिळालं!

आज फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या घराची किल्ली हातात आली. क्रुआ-रूस टेकडीच्या चढावर, खाली सोन नदी. आत पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. छत जवळजवळ 4 मीटर उंच! 19 व्या शतकात रेशीम विणकर इथेच राहत, इथेच विणत. नक्षी विणणारे उंच जाकार (जॅकार्ड) माग मावावेत म्हणून ही घरं अशी बांधली. मी येवल्याची. पैठणीच्या मागावर बसवलेला जाकार लहानपणापासून पाहिलाय. तो बनवणाऱ्या जोसेफ जाकारचं हे जन्मगाव. भरून आलं अगदी.

किल्ली देण्याआधी एजंटबाईंनी प्रत्येक भिंत, नळ, खिडकी माझ्यासोबत तपासून कागदावर नोंदवली. घर सोडताना अनामत रक्कम त्यावरूनच परत मिळते, म्हणून मी अगदी बारीक ओरखडेही लिहायला लावले. 2021 पासून इथे भाड्याला कमाल मर्यादा आहे, तीही करारात पाहून घेतली.

खरी अडचण भाड्यासाठीच्या जामीनदाराची होती. घरमालकांना तो शक्यतो फ्रान्समधलाच लागतो. जामीनदाराऐवजी चालणारी सरकारमान्य ‘विझाल’ हमी विद्यार्थ्यांना फुकट मिळते, तिनेच मला तारलं. इकडे शिकायला येणाऱ्यांनो, घर शोधण्याआधीच तिचा अर्ज करा. काही अडलं तर मला हक्काने मेसेज करा.