गिटार किती तापमानाला ठेवायची?

गिटार दुरुस्तीला घेऊन येणारे बहुतेक जण निघताना हे विचारतातच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: २० ते २५ अंश सेल्सियस. पण पारा ३० वर गेला म्हणून तिला लगेच काही होत नाही. मला जास्त धास्ती असते ती हवेतल्या ओलाव्याची.

लाकूड फुगतं-आक्रसतं ते मुख्यतः ओलाव्यामुळे, आणि तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा त्या तापमानाला जितकी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते, ४५ ते ५५ टक्के असावी. थंडीत हीटर लावला की खोली ऊबदार होते खरी, पण गरम हवा जास्त वाफ धरू शकते आणि हवेतली वाफ मात्र तेवढीच राहते, म्हणून आर्द्रता झरझर उतरते. अशा वेळी नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कडेवरून बोट फिरवून बघा. लाकूड आक्रसतं, पण दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांचा, म्हणजे फ्रेटचा, धातू तेवढाच राहतो, त्यामुळे फ्रेटची टोकं बोटाला बोचतात. ही पहिली खूण. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढची फळी खोलगट होते आणि एक दिवस तडा जातो. दमट हवेत उलट होतं: ब्रिजमागचा (ब्रिज म्हणजे पुढच्या फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) भाग फुगतो, तारा उंच होतात.

नुसती उष्णता घात करते ती उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत. मी स्वतः एकदा दुपारभर गिटार डिकीत ठेवली होती. संध्याकाळी ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवला, तर तो सहज अर्ध्यापर्यंत आत गेला, म्हणजे ब्रिज फळीपासून सुटू लागला होता. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास जोड धरणारा सरस मऊ पडू लागतो, आणि तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या घरात असतो. ती दुपार आठवली की अजून जीव हळहळतो.

कडाक्याच्या थंडीतून आत आलात तर गिटारची केस, म्हणजे तिची पेटी, लगेच उघडू नका, दोन-तीन तास तशीच राहू द्या. एकदम ऊब लागली की लॅकरवर, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत लेपावर, केसासारख्या बारीक चिरा पडतात.

एरवी गिटार केसमध्येच ठेवा, आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टाका. तो खरं दाखवतो का, हे आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओलसर करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जो फरक येईल तो चिठ्ठीवर लिहून केसच्या आत चिकटवा.