ते दोन पॉइंट

शुक्रवार, रात्री उशिरा

आज गेम खेळायला बसलो आणि साडेतीन तास नुसतं कॅरेक्टर बनवण्यात गेले. एक पाऊल पुढे टाकलं नाही, खरंच. चेहरा वीस मिनिटांत झाला (नाक जरा मोठं ठेवलं, उगाच), बाकी सगळा वेळ क्लास (म्हणजे कॅरेक्टरचा पेशा: जादूगार, योद्धा, चोर वगैरे) कुठला घ्यायचा यातच. हा गेम, बाल्डर्स गेट ३, एकदा पूर्ण खेळून झालाय, चारजणांची पार्टी (आपली टोळी) घेऊन, निवांत, प्रत्येकाला एकेक काम वाटून. तेव्हा क्लास निवडायला दोन मिनिटंही लागली नव्हती, कारण माझं काही चुकलं तरी बाकीचे तिघं होतेच की निभावायला. या खेपेला ठरवलंय की एकट्याने जायचं, सोबती भेटतील त्यांना कॅम्पात बसवून ठेवायचं, भाड्याचे घ्यायचे नाहीत, आणि एकदा हे ठरवलं की तोच निवडीचा स्क्रीन परीक्षेच्या पेपरासारखा दिसायला लागतो, बारा क्लास, प्रत्येकाचे पोटप्रकार, त्यावर मल्टिक्लासचा (एकाहून जास्त क्लास मिसळण्याचा) घोळ वेगळाच, आणि मी आपला एकावर क्लिक करतोय, मागे येतोय, दुसऱ्यावर करतोय, परत मागे.

शेवटी झोप यायला लागली म्हणून विझर्ड (जादूगार) घेतला. कारण लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या स्वतःलाच थाप मारेन की खूप विचार करून घेतला होता.

शनिवार, दुपारी

विझर्ड मेला.

जहाज कोसळतं, किनाऱ्यावर जाग येते, थोडं पुढे गेलं की ते पायांवर चालणारे मेंदू भेटतात, तीन. पार्टीत असताना ही फाईट म्हणजे फाईट तरी म्हणावी का असा प्रश्न. पण पहिल्या लेवलच्या विझर्डचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) किती, तर ६, आणि कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) १४ ठेवलं म्हणून वर २. आठ. मॅजिक मिसाइल या जादूने एकाला लोळवलं आणि खुर्चीत जरा रेलून बसलो, तेवढ्यात उरलेले दोघं धावत आले आणि दोन टर्नमध्ये (पाळ्यांमध्ये) विषय संपला. पार्टी असती तर मी नुसता खाली पडलो असतो, फासे पडत राहिले असते जगतो की मरतो याचे, आणि तोवर कोणीतरी येऊन हात देऊन उठवलं असतं. एकट्याला उठवणार कोण? पडला की संपला. थेट गेम ओव्हर.

हे काही मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि तो काळा स्क्रीन समोर येणं वेगळं. तेव्हा डोक्यात आलं की मी काल रात्रभर चुकीचा प्रश्न घेऊन बसलो होतो. कुठला बिल्ड (क्लास आणि आकड्यांची जुळणी) जास्त मारतो हे बघत होतो. बघायला हवं होतं की आपण पडतो कशाने.

शनिवार, रात्री

रोग (इंग्रजीतला rogue, चोर) घेतला. जहाजावरचा सुरुवातीचा भाग परत खेळावा लागला, तो आता इतका पाठ झालाय की डोळे मिटून खेळेन.

रोग एकट्यासाठी एकदम बरोबर वाटतो ना? लपतो, कुलपं उघडतो, सापळे काढतो, अंधारातून बाण मारतो. मलाही वाटलं. आणि पडक्या देवळाबाहेर जे दरोडेखोर उभे असतात त्यांच्यावर मजाही आली, वर टांगलेला दगडी ठोकळा बाणाने सोडवून त्यांच्या डोक्यात पाडला, एकटाच मोठ्याने हसलो. पण आत गेल्यावर खरी भानगड कळली. स्नीक अटॅकचा (रोगच्या जादा नुकसान करणाऱ्या वाराचा) नियम असा की एकतर तुम्हाला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत) हवा, नाहीतर तुमचा एखादा साथीदार त्या शत्रूला खेटून उभा हवा. साथीदार! पार्टीत खेळताना ही अट कधी जाणवलीच नाही, कारण आपला कोणी ना कोणी शत्रूच्या अंगावर असायचाच. इथे पहिला बाण लपून मारला, भारी लागला, आणि त्यानंतर सगळे माझ्याकडे वळले. आता परत लपायचं तर कुठे, समोर तिघं उभे आहेत बघत. मग साध्या कट्यारीने टुकटुक. ज्या आकड्यासाठी क्लास घेतला तोच आकडा गायब.

नीट खेळणारे लोक रोगनेही एकट्याने जातात, मला माहितीये, ते पळतात, दार लावून घेतात, उंचावर चढतात. माझ्यात तेवढा धीर नाही. मी फाईट सुरू झाली की उभा राहतो.

कसाबसा तळघरात पोचलो, शवपेटीतून विदर्स नावाचा एकजण बाहेर आला. शंभर नाणी घेऊन तो क्लास, स्टॅट्स (ताकद, चपळाई वगैरेचे आकडे) सगळं नव्याने करून देतो. चला, म्हटलं, सुटलो.

रविवार, सकाळ

सुटलो नाही. क्लास बदलतो, वंश बदलत नाही, आणि रात्री पडल्या पडल्या मी ठरवलं होतं की हाफ-ऑर्कच (अर्धा माणूस, अर्धा राक्षसी ऑर्क) हवा. कारण एकच, हिट पॉइंट शून्यावर आले की हाफ-ऑर्क पडत नाही, १ वर उभा राहतो. दर लाँग रेस्टला (रात्रीच्या मुक्कामाला) एकदा. पार्टीत हे असलं तर छान, नसलं तर कोणी विचारत नाही. एकट्यासाठी मात्र हा अख्खा एक जादाचा जीव झाला. हाफलिंग या बुटक्या वंशाचाही विचार केला होता, त्याचा फाशावर १ पडला तर परत टाकता येतो, तेही वाईट नाही, पण मेल्यावर काय उपयोग.

म्हणजे परत पहिल्यापासून. मोठं नाक गेलं, आता सुळे आले.

मित्राला मेसेज केला की एकट्यासाठी क्लास सुचव. त्याचं उत्तर दोन मिनिटांत, "अरे ड्रुइड घे ना, अस्वल हो आणि फिर, डोक्याला ताप नाही." ड्रुइड म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा क्लास, म्हणणं चुकीचं नाहीये त्याचं. अस्वल झालं की अस्वलाचे हिट पॉइंट वेगळे, ते संपले की तुम्ही माणूस होऊन स्वतःच्या हिट पॉइंटांवर परत उभे. तेही पुन्हा जादाचा जीवच. मी म्हटलं, अस्वल होऊन लोकांशी बोलायचं कसं. तो म्हणाला, "तू कशाला बोलतोयस, एकटा आहेस ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरी गोष्ट अशी की मला चिलखत घातलेला माणूस आवडतो, आणि पन्नास-साठ तास ज्याची पाठ बघायची तो आवडता असलेला बरा. हे कारण कुठल्याही गाईडमध्ये लिहिलेलं नसतं.

मग वही काढली. गेममध्ये एकट्याची खरी अडचण टर्नची असते. माझा एक टर्न होतो तोवर समोरच्या सहांचे सहा होतात. समजा त्यांचा हिटचा बोनस ४ आहे आणि माझा आर्मर क्लास १४ (फासा अधिक बोनस एवढा झाला तरच फटका लागतो), तर वीस बाजूंच्या फाशावर त्यांना १० लागतात, म्हणजे ५५ टक्के, सहांपैकी तीनहून जास्त फटके बसणार दर फेरीत. तोच आर्मर क्लास १८ केला, जड चिलखत आणि ढाल, तर त्यांना १४ लागतात, ३५ टक्के, फटके दोन. फरक एकाच फटक्याचा वाटतो, पण पाच फेऱ्यांत सहा फटके वाचतात, आणि माझे सगळे मिळून हिट पॉइंट बारा. दोन हातांची मोठी तलवार घ्यायची फार हौस होती, ती इथे मेली.

दुसरी अडचण, आणि ही जास्त वाईट, म्हणजे अशी जादू जी टर्नच काढून घेते. मागच्या खेपेला कोणीतरी माझ्यावर होल्ड पर्सन टाकलं होतं, दोन टर्न पुतळ्यासारखा उभा, आणि त्या अवस्थेत जवळून जो फटका लागतो तो थेट क्रिटिकल, दुप्पट फाशांचा. तेव्हा बाकीच्यांनी सांभाळलं. एकटा असताना एक सेव्ह (जादूपासून वाचायचा फासा) चुकला की तीच शेवटची फाईट. फायटर, बार्बेरियन कितीही दणकट असू देत, विझडमच्या (शहाणपणाच्या) सेव्हचा बोनस त्यांना क्लासकडून मिळत नाही, आणि ही असली जादू नेमकी तिथेच वार करते.

पॅलाडिनला (शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याला) मिळतो. शिवाय सहाव्या लेवलला त्याचा ऑरा (प्रभाववलय) येतो आणि करिष्म्याचा बोनस सगळ्याच सेव्हमध्ये मिसळतो. ढाल आहे, जड चिलखत आहे, हात ठेवून स्वतःला बरं करता येतं, दुसऱ्या लेवलपासून स्माइट (जादूची ताकद जोडून मारलेला फटका) आहे, आणि करिष्मा चांगला असल्याने बोलून निम्म्या फाईट टाळताही येतील. हे सगळं डोळ्यासमोर होतं तर शुक्रवारी साडेतीन तास काय करत होतो मी?

रविवार, दुपार, अजून सुरुवात केलेली नाही

हे लिहायला लाज वाटते पण लिहितो. दोन पॉइंटांवर सव्वा तास गेला.

वाटायला एकूण २७ पॉइंट असतात. स्ट्रेंग्थ १५ ला नऊ गेले, करिष्मा १५ ला नऊ, कॉन्स्टिट्यूशन १४ ला सात. झाले पंचवीस. इंटेलिजन्स ८, त्याची काळजी नाही, माझा ऑर्क मठ्ठ चालेल. उरले दोन, आणि त्या दोनांत एकतर डेक्सटेरिटी (चपळाई) ८ ची १० होते नाहीतर विझडम ८ चं १०. दोन्ही नाही. पार्टीत असतो तर डोळे झाकून कुठेही टाकले असते.

डेक्सटेरिटी म्हणजे इनिशिएटिव्ह, फाईटमध्ये आधी टर्न कोणाचा ते. या गेममध्ये इनिशिएटिव्हला वीसचा नाही, चार बाजूंचा फासा टाकतात, त्यामुळे एकेक आकडा फार मोठा. समोरच्याचा बोनस +२ धरला तर त्याचे ३ ते ६ येणार. माझी डेक्सटेरिटी ८ असेल तर बोनस उणे १, माझे ० ते ३, म्हणजे त्याच्या पुढे मी कधीच जाणार नाही. १० केली तर १ ते ४. वहीत सोळा चौकोन आखले, भरले, आणि मोजलं की मी पुढे जातो असे चौकोन किती. एक. सोळात एक! त्या एका चौकोनासाठी मी तासभर जीव काढत होतो.

विझडमकडे मात्र दोन गोष्टी आहेत. सेव्ह तर आहेच, पण पर्सेप्शनही. पार्टीत चौघं चालत असतात, जमिनीतला सापळा दिसतो का यासाठी चौघांचे वेगवेगळे फासे पडतात, एकाला तरी दिसतोच. एकट्याचा फासा एकच, नाही दिसला की पाय पडलाच. तर विझडम १०. समजा जिच्यातून वाचायला १३ लागतात अशी जादू आली तर आत्ता निम्म्या वेळा वाचेन, सहाव्या लेवलला १० पैकी ७ वेळा. इनिशिएटिव्हसाठी चौथ्या लेवलला अलर्ट ही खुबी घेऊन टाकायची, +५ मिळतात आणि बेसावध कोणी गाठू शकत नाही. वंशाचे +२ स्ट्रेंग्थला, +१ करिष्म्याला. १७ आणि १६. बस.

शपथ कुठली घ्यायची हे मात्र दहा सेकंदांत झालं. व्हेंजन्स, सूडाची. पाचव्या लेवलला मिस्टी स्टेप मिळते, घेराव पडला की बाहेर उडी मारता येते, आणि होल्ड पर्सनही मिळतं. ज्याला घाबरून एवढं सगळं केलं तेच आपल्या हातात. हे मला फार आवडलं.

रविवार, रात्री

तेच तीन मेंदू.

पहिला गेला. दुसरा चिकटला, ढालीवर दोनदा अडला, तिसऱ्यांदा लागला. बारातले पाच उरले. मी मारलं, चुकलं. परत मारलं, परत चुकलं, फाशावर ३ आणि ४. तिसऱ्या मेंदूने उडी मारली आणि पट्टी सरळ शून्यावर गेलेली दिसली, हात माउसवरून निघालाच होता, आणि तो माणूस गुडघा टेकायच्या बेतात तसाच उभा राहिला. हिट पॉइंट १. पहिल्याच फाईटमध्ये तो जादाचा जीव खर्च! मग मात्र लागोपाठ दोन फटके बरोबर बसले.

लाँग रेस्ट घ्यावी का यावर पाच मिनिटं गेली. रेस्टला कॅम्पचं ४० चं सामान लागतं, एकटा असलो म्हणून काही कमी लागत नाही, हा अन्यायच आहे खरं तर. १९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये एकट्याला निदान एक फायदा होता, सहाजणांत वाटली जाणारी एक्सपी (लेवल वाढवणारी अनुभवाची कमाई) सगळी त्याचीच, लेवल भराभर चढायच्या. इथे पार्टीतल्या प्रत्येकाला पूर्ण मिळते, त्यामुळे एकटं राहण्याचं बक्षीस असं काही नाही. शेवटी हात ठेवून थोडं बरं केलं स्वतःला आणि पुढे निघालो.

दारापाशी शॅडोहार्ट भेटली, गेममधल्या सोबत्यांपैकी एक. चल म्हणाली. तिला कॅम्पात पाठवताना खरंच वाईट वाटलं, हीलर आहे ती.

पुढे कुलूप लावलेली एक पेटी दिसली. डेक्सटेरिटी ८. दोन हत्यारं मोडली कुलपात, मग उभा राहून गदेने हाणत बसलो, पाचव्या फटक्याला फुटली.

गेम सेव्ह करून ठेवलाय. लक्षात ठेवायचं: दुसरी लेवल होईपर्यंत गॉब्लिनांच्या तळाकडे फिरकायचं नाही. आणि जाशील तेव्हा त्यांचे ते ढोल आधी फोड, एकाने जरी वाजवला तर सगळा तळ अंगावर येतो.