तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"बाई, गाणं का सोडलंत?" पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या बाहेर, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांकडे नंबर लावून बसल्यावरसुद्धा हाच प्रश्न. गाणं मी सोडलेलं नाही. बैठकी सोडल्या. रोज पहाटे गाते, घरात ऐकायला दुसरं कोणी नसतं, इतकंच.

गळा गेला म्हणून थांबले, असंही नाही. पन्नाशीनंतर बाईच्या शरीरात जे बदलतं ते स्वररज्जूंतही बदलतं, त्या जाड होतात, आवाज खाली येतो. पेटीच्या पट्टीत सांगायचं तर मी काळी चारवरून खाली काळी तीनवर आले, आता आणखी खाली, पांढरी चार. वरच्या तारसप्तकात पूर्वीसारखं हुंदडता येत नाही. पण खालच्या मंद्रात असं काही उघडलंय, जे तिशीत माझ्याकडे नव्हतंच. मला हा आवाज जास्त सुंदर वाटतो. तुम्ही मात्र जुनी रेकॉर्डिंग काढून दाखवता आणि म्हणता, काय आवाज होता हो तुमचा!

तर बैठकी सोडायला लावणारी ती संध्याकाळ. संस्थेचं नाव सांगणार नाही. राग पूरिया धनाश्री, संथ लयीतला विलंबित एकताल. बढत, म्हणजे राग सावकाश उलगडत नेणं, रंगली होती. निषादावर, म्हणजे वरच्या सा च्या उंबरठ्यावर उभी होते, तो वरचा षड्ज मुद्दाम लांबवत होते, आणि सभागृह माझ्याबरोबर श्वास धरून होतं. हे गाणाऱ्याला समजतं, डोळे मिटलेले असले तरी. तेवढ्यात मांडीवर चिठ्ठी आली. "साहेब आले आहेत. थांबावे." मी तबलजींकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. संयोजक माईक घेऊन बोलायला लागलेसुद्धा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग भाषण. मी तिथेच, त्याच बैठकीवर. मागे तानपुऱ्यावर माझ्या दोन विद्यार्थिनी. त्यांना थांबायला कोणी सांगितलंच नाही, म्हणून त्या भाषणभर छेडत राहिल्या, शेवटी कोणीतरी येऊन त्यांचा माईक बंद केला. भाषणात साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले, "वयाच्या मानाने बाईंचा आवाज अजून छान आहे." टाळ्या पडल्या. मग संयोजक वाकून कानात म्हणाले, ते मोठं राहू द्या आता, साहेबांना अभंग आवडतो.

मी अभंग गायले. तो चांगला झाला, वन्समोअर आला. मला त्या टाळ्या आवडल्या, हेही तुम्हाला सांगायला हवं. तो षड्ज लागलाच नाही. रात्री घरी येऊन लावून पाहिला, स्वच्छ लागला, पण वाट चालून आल्यावर जो लागतो तो नव्हता.

"हिराबाईंच्या पुण्यात राहून असं?" हेही ऐकवलं जातं. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा घरंदाज बाईने चारचौघांत बसून गाणं हेच धाडस होतं. त्यांनी उघडलेल्या दारातून मी आत गेले आणि आता आपण होऊन बाहेर पडले. हा आरोप मला लागतो. तिशीत मीच वाद घालायचे, श्रोता नसेल तर ती कला नव्हे, हौस. तेव्हाची ती मुलगी आज समोर आली तर तिला गप्प करता येईल, असं मला वाटत नाही.

तिला एवढंच दाखवेन, की काही राग आता मंचावर उरलेच नाहीत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला. पुढे रात्र रात्र चालायचा, उजाडताना ऐकणारे जागे असायचे. 2000 साली ध्वनिक्षेपकांचे नियम आले आणि रात्री दहाचा काटा आला. पहाटेच्या ललत रागाला ती वेळ कोण देतं? मी देते. त्यातले शुद्ध आणि तीव्र, दोन्ही मध्यम एकापाठोपाठ लावताना खोलीत चिठ्ठी येत नाही. मात्र कधी एखादी जागा अशी सुटते, की तोंडून आपोआप "वा" निघतं, आणि तो माझाच आवाज असतो. तेव्हा एकटेपण टोचतं. एकांताने गाणं शुद्ध होतं असं म्हणणारे बहुधा दिवसभर माणसांत राहणारे असतात.

परवा तानपुऱ्यावरच्या त्या दोघींतली एक म्हणाली, "बाई, तुम्ही बसत नाही, मग आम्हाला कशासाठी तयार करता?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एका संयोजकांना फोन करून तिचं नाव सुचवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दिसायला कशी आहे? मी फोन ठेवला नाही. मी म्हणाले, पूरिया धनाश्री फार चांगला गाते, पाऊण तास द्या. अर्ध्या तासावर ठरलं.